धागा : पांढरीच्या मातीतला आणि हृदयातला

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ताडकळस येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी विश्वस्तांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदवी हाती आली आणि लगेच दुकानाच्या गादीवर बसलो. ताणा, बाणा, पीळ, पोत, सुताचा नंबर हीच माझी परिभाषा. म्हणून आज मी धाग्याविषयीच बोलणार आहे. मात्र हा धागा आपल्याला तीन निरनिराळ्या शास्त्रांच्या दारात घेऊन जाईल : जमिनीखालचा इतिहास शोधणारे पुरातत्त्वशास्त्र, वस्तूंचे गुणधर्म तपासणारे पदार्थविज्ञान आणि हृदयाची शस्त्रक्रिया. ही तिन्ही शास्त्रे परस्परांपासून फार दूरची वाटतात. परंतु तिघांनाही एकच प्रश्न सोडवावा लागला, तो असा की धागा, धातू आणि सजीव सृष्टी दीर्घकाळ एकमेकांच्या सहवासात राहिली तर काय होते?

प्रथम आपल्या महाराष्ट्राकडे वळू. नेवासे म्हटले की ज्ञानेश्वर माउलींचा पैस खांब डोळ्यांसमोर येतो. त्याच प्रवराकाठच्या नेवासे येथे 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केले. तेथे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. ती माणसे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरीत, म्हणून त्या काळाला ताम्रपाषाण युग म्हणतात. दगावलेले मूल मातीच्या रांजणात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरण्याची त्यांची रीत होती. अशाच एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजून हिरवे झाले होते आणि त्या गंजात माळेचा धागा शिल्लक राहिला होता.

गुलाटी या तंतुतज्ज्ञांनी त्या धाग्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. त्यात कापसाचे तंतू आहेत आणि रेशमाचेही आहेत, अशी त्यांची नोंद आहे. डेक्कन कॉलेजने 1961 साली ती प्रसिद्ध केली. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या चांडोली येथेही तांब्याच्या मण्यांसोबत धागा मिळाला. तो जवसाच्या तंतूचा, म्हणजे आपण ज्याला लिनन म्हणतो त्याचा निघाला. कापूस, रेशीम आणि लिनन ही आज माझ्या दुकानात वेगवेगळ्या फळ्यांवर मांडलेली तीन वस्त्रे. त्यांचे मूळ तंतू महाराष्ट्राच्या मातीत हजारो वर्षांपासून होते, हे वाचून माझ्यासारख्या व्यापाऱ्याचे मन भरून आले.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. आपल्या काळ्या जमिनीत पडलेले सुती फडके एकदोन पावसाळ्यांत कुजून जाते. मग हा धागा इतकी वर्षे टिकला कसा? धागा कुजतो तो मातीतील बुरशी आणि सूक्ष्म जंतूंमुळे. तांबे ओलाव्याने गंजू लागले की त्याचे क्षार आसपास झिरपतात. हे क्षार जंतूंना मारक असतात, त्यामुळे मण्याच्या भोकातील इंचभर धाग्याभोवती जणू तटबंदी उभी राहते. काही वेळा तर हे क्षार तंतूतच शिरतात आणि त्याची जागा घेतात. मूळ तंतू नाहीसा होतो, पण त्याचा हुबेहूब साचा खनिजरूपाने उरतो. बलुचिस्तानातील मेहरगढ येथील तांब्याच्या एका मण्यात असेच कापसाचे तंतू सापडले. त्यांचा अहवाल 2002 साली प्रसिद्ध झाला. ते तंतू सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात.

मोहेंजोदडोचे उदाहरण तर आपल्या व्यवसायाच्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. तेथे चांदीच्या एका भांड्याला कापडाचा लहानसा तुकडा चिकटलेला मिळाला. त्याची तपासणी मुंबईत माटुंग्याच्या प्रयोगशाळेत झाली. गिरण्यांना लागणाऱ्या कापसाची प्रत ठरविण्यासाठी 1924 साली ही प्रयोगशाळा सुरू झाली होती. तेथील डॉ. टर्नर आणि गुलाटी यांनी 1928 साली दिलेला निष्कर्ष असा : कापड शुद्ध कापसाचे, सूत 34 नंबरचे, एका इंचात ताण्याचे 60 धागे आणि बाण्याचे 20. विद्यार्थी मित्रांसाठी सांगतो, 840 वारांची एक लड, अशा जितक्या लडी एका पौंडात बसतात तितका त्या सुताचा नंबर. म्हणजे एका पौंड कापसातून साडेअठ्ठावीस हजार वार सूत, आणि तेही हातचातीवर! आज कोणी असे सूत हातावर कातून आणले तर मी त्या व्यक्तीला आदराने गादीवर बसवीन.

लक्षात घ्या, गिरणीचा माल तपासणाऱ्या प्रयोगशाळेने भारताच्या कापसाचा इतिहास मागे नेला. पुरातत्त्वज्ञाजवळ तुकडा होता, पण सुताची पारख नव्हती. ज्याच्याजवळ पारख होती त्याने कधी मोहेंजोदडोची माती उपसली नव्हती. दोघे भेटले तेव्हा ज्ञान जन्माला आले.

आपल्या मराठवाड्याचाही या कथेत वाटा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या बाजारपेठांची नावे येतात. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तगरहून साधे कापड, मलमल आणि इतर वस्त्रे बैलगाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात, असे त्यात लिहिले आहे. ते सारे कापड मातीत मिळाले, उरली ती केवळ नोंद. ज्या वस्त्राला धातूचा आधार मिळाला नाही ते नष्ट झाले, आणि एका तान्ह्या बाळाच्या गळ्यातला बोटभर धागा मात्र तांब्याने राखला.

आता या धाग्यावरून हृदयाकडे जाऊ. जे तांब्याचे क्षार कुजविणाऱ्या जंतूंना मारतात, ते जिवंत पेशींनाही अपाय करतात. म्हणून मातीत रक्षक ठरलेला धातू शरीरात चालत नाही. पुरातत्त्वज्ञाला गंजणारा धातू वरदान, तर शल्यविशारदाला न गंजणारा धातू हवा. शास्त्र एकच, प्रश्न मात्र उलट बाजूने विचारलेला.

शरीरात धागा प्रथम गेला तो टाक्याच्या रूपाने. 1894 साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांच्यावर ल्यों शहरात सुरीहल्ला झाला. पोटातील मोठी रक्तवाहिनी तुटली होती. रक्तवाहिनी शिवण्याची खात्रीची पद्धत तेव्हा रूढ नसल्याने ते वाचू शकले नाहीत. त्याच शहरातील अलेक्सी कॅरेल या तरुण डॉक्टरने ही कला साधण्याचा ध्यास घेतला. ल्यों हे रेशमाचे शहर. कॅरेलने तेथील लेरूदिए नावाच्या कुशल भरतकाम करणाऱ्या बाईंकडून बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळण्याचे धडे घेतले. रक्तवाहिन्या जोडण्याची त्याची पद्धत 1902 साली प्रसिद्ध झाली आणि 1912 साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या माता-भगिनींनी हे आवर्जून ध्यानात ठेवावे. त्या पारितोषिकामागे एका भरतकाम करणाऱ्या स्त्रीच्या बोटांची शिकवण आहे.

1947 साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. आर्थर व्हूरहीस एका कुत्र्यावर संशोधन करीत होते. हृदयाच्या आत राहून गेलेल्या रेशमी टाक्यावर काही महिन्यांनी एक गुळगुळीत, चकचकीत अस्तर चढलेले त्यांना दिसले. शरीराने तो धागा आपलासा केला होता. त्यांना वाटले, धाग्यावर असे अस्तर येते, तर कापडाच्या नळीवर का येऊ नये? हवाई छत्रीसाठी वापरलेल्या विनयॉन नावाच्या कृत्रिम कापडाची नळी शिवून त्यांनी प्रयोग केले आणि 1952 साली आपले निष्कर्ष मांडले. फुगलेल्या महारोहिणीच्या जागी कापडाची नळी बसविता येईल, हे त्यातून सिद्ध होऊ लागले. महारोहिणी म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी धमनी.

यानंतरची हकिगत प्रत्येक कापड व्यापाऱ्याने ऐकावी अशी आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनचे प्रसिद्ध शल्यविशारद डॉ. मायकेल डीबेकी हे 1950 नंतरच्या दशकात नायलॉन आणण्यासाठी एका मोठ्या दुकानात गेले. नायलॉन संपले होते. दुकानदाराने एक नवे कापड पुढे केले, त्याचे नाव डेक्रॉन. आपल्याकडे आपण ज्याला टेरिलीन म्हणत आलो तेच हे पॉलिएस्टर. लहानपणी आईकडून शिवण शिकलेल्या डीबेकींनी घरी पत्नीच्या शिलाई मशीनवर त्याच्या नळ्या शिवल्या. पुढे अनुभवाने कळले की नायलॉन शरीराच्या ओलाव्यात काही काळाने आपला जोर गमावते, पॉलिएस्टर मात्र दीर्घकाळ टिकते. दुकानात त्या दिवशी नायलॉन नव्हते, हा मानवजातीचा भाग्ययोगच म्हणावा लागेल.

मात्र शिवलेली नळी पुरेशी नव्हती, कारण शिवणीच्या जागी कमजोरी राहते. डीबेकींनी फिलाडेल्फियाच्या वस्त्रविद्या महाविद्यालयातील प्राध्यापक एडमन यांची मदत घेतली आणि त्यांनी बिनशिवणीची नळी विणणारे यंत्र तयार केले. येथे पोताचा प्रश्न उभा राहिला. होजियरीसारखी सैल वीण घेतली तर ती लवचीक असते आणि छिद्रांतून शरीराच्या पेशी आत शिरून नळीला धरून ठेवतात, पण सुरुवातीला रक्त झिरपते. मागावरची गच्च वीण घेतली तर रक्त झिरपत नाही, पण नळी कडक होते आणि पेशी सहज रुजत नाहीत. म्हणून सैल विणीची नळी आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून छिद्रे गोठू देत आणि मग बसवीत. पुढे त्यावर प्रथिनांचा लेप देण्याची पद्धत आली. नळी वाकल्यावर दुमडू नये म्हणून तिला चुण्या पाडल्या जातात. सैल वीण, गच्च वीण, चुण्या, लेप हे शब्द आपल्या दुकानात रोज उच्चारले जातात. शस्त्रक्रियागृहात त्यांवर एखाद्याचा प्राण अवलंबून असतो.

याच डीबेकींना 2005 च्या अखेरीस, वयाच्या 97 व्या वर्षी, महारोहिणीचा गंभीर विकार झाला. फेब्रुवारी 2006 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करून डेक्रॉनची नळीच बसविली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक काळ जगले.

हृदयाच्या झडपांची कथा भारतीय आहे आणि अभिमानास्पद आहे. हृदयात चार झडपा असतात. मिनिटाला 70 ठोके धरले तर दिवसाला एक लाख आणि वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा त्या उघडमीट करतात. कृत्रिम झडप परदेशातून आणणे सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरचे होते. केरळातील तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी डॉक्टर, अभियंते आणि धातुशास्त्रज्ञ एकत्र आणून देशी झडपेचे काम हाती घेतले. पहिले नमुने अपयशी ठरले. एकात वेल्डिंगचा जोड तुटला, टायटॅनियम झिजले, तर नीलमण्याच्या कृत्रिम स्फटिकाची चकती प्राण्यावरील चाचणीत तडकली. शेवटी कोबाल्ट-क्रोमियमच्या न गंजणाऱ्या मिश्रधातूची चौकट, अतिउच्च रेणुभाराच्या प्लास्टिकची चकती आणि भोवती विणलेल्या पॉलिएस्टरचे कडे, असा मेळ जमला. 6 डिसेंबर 1990 रोजी ही झडप प्रथम एका रुग्णाच्या हृदयात बसली. आजवर एक लाखाहून अधिक झडपा बसविल्या गेल्या आहेत. डॉ. वलियाथन 2024 साली निवर्तले.

त्या झडपेतील कापडाच्या कड्याचे काम काय? धातू मांसाला शिवता येत नाही. सुई कड्यातून जाते, टाका कड्याला बसतो आणि पुढे शरीराच्या पेशी त्या कापडात रुजून झडप कायमची पक्की करतात. सजीव हृदय आणि निर्जीव धातू यांना जोडणारा दुवा म्हणजे बोटभर रुंदीचे सुद्धा नसलेले कापड. नेवाशाच्या मण्यातही धातू आणि धागा एकत्र होते, तेथे धातूने धागा राखला. येथे धागा धातूला जागेवर राखतो.

आपल्या सभेत एक गोष्ट सांगणे योग्य होईल. झडपा दोन प्रकारच्या असतात : एक धातू किंवा कार्बनच्या यांत्रिक झडपा, आणि दुसऱ्या प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या. यांत्रिक झडपेला रक्त पातळ ठेवण्याचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. प्राणिज झडप काही वर्षांनी झिजते. कोणती योग्य हे रुग्णाचे वय आणि प्रकृती पाहून डॉक्टर ठरवितात. परंतु अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबाने हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. उत्तर समजून घेऊन निर्णय घेणे हाही विवेकच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. झडपा खराब होतात कशामुळे? आपल्या देशात त्याचे एक मोठे कारण म्हणजे लहानपणचा संधिवाताचा ताप. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे दुखतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा तर उद्या मनगट असे सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण शरीराने जंतूंशी केलेल्या युद्धात हृदयाच्या झडपा जखमी होऊन राहतात. पुढे ऐन तारुण्यात दम लागू लागतो. घसादुखीवर वेळीच पेनिसिलिनचा उपचार झाला तर हे टळू शकते. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते, आणि ते मध्येच सोडता कामा नये. लाखो रुपयांच्या शस्त्रक्रियेपेक्षा हे किती सोपे आहे, याचा हिशेब व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मी ट्रस्टसमोर आणि आपणा सर्वांसमोर तीन नम्र विनंत्या ठेवतो.

पहिली विनंती मातीविषयी. आपले पूर्वज गावाच्या जमिनीचे दोन भाग करीत : काळी आणि पांढरी. काळीत कापूस पिकतो, पांढरीत वस्ती नांदते. आपल्या भागात कितीतरी गावांलगत जुन्या पांढरीची टेकाडे आहेत. माळवदावर टाकण्यासाठी तेथील माती पिढ्यान्‌पिढ्या खणून आणली गेली. त्यात हिरवा पडलेला मणी, कडे किंवा भांडे सापडले तर आपण काय करतो? चिंच लावून लख्ख घासतो. मित्रहो, तो हिरवा गंज हेच त्याचे पुस्तक आहे. नेवाशाचा मणी कोणी चिंचेने घासला असता, तर त्या बालकाच्या माळेचा धागा आपल्याला कधीच कळला नसता. अशी वस्तू घासू नये, धुऊ नये, कोरड्या कागदात ठेवून कोठे मिळाली ते लिहावे आणि तहसील कार्यालयामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. 1878 च्या निखात निधी कायद्यानेही तसे कळविणे बंधनकारक आहे.

दुसरी विनंती बालकांविषयी. ट्रस्टच्या वतीने दरवर्षी शाळेतील मुलांच्या हृदयाची तपासणी व्हावी. डॉक्टरांच्या कानाला लागलेल्या साध्या नळीने झडपेचा आवाज पुष्कळदा वेळीच कळतो.

तिसरी विनंती विद्यादानाविषयी. आपण शिष्यवृत्ती देतो तेव्हा डॉक्टर आणि इंजिनिअर होणाऱ्यांकडेच आपले लक्ष जाते. इतिहास, पुरातत्त्व, वस्त्रविद्या यांकडे जाणारा विद्यार्थी मागे राहतो. ज्या झडपेने लाखभर माणसे जगविली ती एकट्या डॉक्टरची निर्मिती नव्हती. तिच्यात धातू ओतणारा, प्लास्टिक पारखणारा आणि कापड विणणारा असे सर्वजण होते. यंदापासून एक तरी शिष्यवृत्ती अशा आडवाटेच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी, आणि तिचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्या दुकानाकडून स्वीकारावा, ही विश्वस्तांना प्रार्थना.

उभे धागे कितीही मजबूत असले तरी आडव्याशिवाय वस्त्र होत नाही. एकेक शास्त्र म्हणजे उभा धागा. त्यांच्यामधून आडवे जाणारे प्रश्न विचारणारी मुले आपल्या ताडकळसच्या शाळांतून निघोत, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो.